सर्वांवर सारखाच परिणाम

इंग्लंडमधल्या हॅल्शॉ गावच्या कौन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, आलेलं पत्र थेल्मा क्रॉस्ली कधी फोडतच नसे. फोडून करायचं काय? तिची नजर जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्याच कौन्सिलच्या दप्तरात डॉक्टरच्या शिक्क्यानिशी नोंदलेली होती. तरी पत्रं यायची ती मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली. थेल्मा ती पिशवीत टाकून ठेवायची आणि मंगळवारी सकाळी मिनीबस दाराशी आली की ड्रायव्हर क्लिफर्डच्या हातात द्यायची. क्लिफर्ड हँडब्रेक ओढून, चष्मा नाकावर चढवून ती मोठ्याने वाचायचा. त्यामुळे थेल्माचा सगळा पत्रव्यवहार बसमधल्या अकराही जणांना पाठ असायचा.

त्या फेब्रुवारीतल्या मंगळवारीही तसंच झालं.

“‘प्रिय सेवावापरकर्ते,’” क्लिफर्डने सुरुवात केली.

“म्हणजे मी. पुढे.”

“‘आर्थिक परिस्थिती लक्षात घेता लार्च हाउस हे वृद्ध-अपंगांचं दिवसाचं केंद्र आणि त्याची बस एकतीस मार्चपासून बंद करण्याचा प्रस्ताव...’” वाचता वाचता तो थांबला. बस कौन्सिलची असली तरी सोळा वर्षं तोच चालवत होता.

“थांबलास का? वाच की.”

“‘आपलं मत आम्हाला मोलाचं आहे. कृपया आमच्या संकेतस्थळावरची प्रश्नावली भरावी.’”

“संकेतस्थळावर? मी?”

“आहे की तुझी सोय. ‘प्रश्नावली वाचण्यात अडचण आल्यास संकेतस्थळावरचं मदतीचं पान पाहावं.’”

अख्खी बस हसली. थेल्माला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे, म्हणजे आता जे काही तिथे होतं त्यापुढे, एकच गोष्ट उभी राहिली होती, ती म्हणजे एव्हरिल.

लार्च हाउस म्हणजे काही राजवाडा नव्हता. जुन्या बालवाडीची बसकी इमारत, हात धुवायची बेसिनं अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि आत शिरल्यावर ग्रेव्हीचा आणि फरशीच्या पॉलिशचा मिसळलेला वास. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते तीन. जेवायला मटण-बटाट्याचं सारण पारीत भरून भाजलेला, ‘पाय’ म्हणतात तो पदार्थ, तोही अधूनमधून आतून गार. थेल्माने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं होतं, त्यामुळे त्या पायबद्दल तिची मतं फार तिखट होती. पण खिडकीजवळच्या टेबलाशी एव्हरिल डकवर्थची चाकाची खुर्ची असायची आणि त्या टेबलावर डॉमिनोची पेटी.

एव्हरिलने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बोलण्यात काढली होती. मग अकरा वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि बोलणं गेलं ते गेलंच. उजवा हातही गेला, अक्षरं जुळवणंही गेलं. कळायचं मात्र सगळं, आणि कुणी ती खुळी असल्यासारखं मोठ्याने बोललं की डाव्या हाताने ती काय खूण करायची ती इथे सांगण्यासारखी नाही. थेल्माला दिसत नसे, एव्हरिलला बोलता येत नसे. म्हणजे दोघींना फोनचा उपयोग नाही आणि पत्राचाही नाही. एका टेबलाशी बसल्या तरच त्यांची मैत्री. सोंगट्यांवरचे खोलगट ठिपके थेल्मा अंगठ्याने चाचपायची. सुरुवातीला प्रत्येकीच्या सात, बाकीच्या मधल्या ढिगात. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे, मांडलेल्या ओळीच्या टोकाशी आकडा जुळला तरच ती लावायची, आणि जिच्या सोंगट्या आधी संपल्या ती जिंकली. ढीग संपला आणि हातात लागू पडणारी सोंगटी नसली की टेबलावर दोनदा ठोकायचं. म्हणजे माझ्याकडे काही नाही, तू खेळ.

या ठोकण्याबाबत लार्च हाउसमध्ये सोवळं फार कडक. हातात सोंगटी असताना ठोकणं म्हणजे महापाप. वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्याने एकदा ते केलं, तर एव्हरिलने त्याला महिनाभर टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. आणि या दोघींत ते शक्यही नव्हतं. ढीग संपेपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सोंगट्या थेल्माच्या डोक्यात बसलेल्या असत. शेवटी समोरच्या हातात काय उरलंय हे तिला डोळसापेक्षा नेमकं कळे.

मार्चमध्ये कौन्सिलच्या कार्यकारी समितीची सभा झाली. नऊ नगरसेवक आणि चौदावा विषय. क्लिफर्डने आपल्या घड्याळात पाहिलं, लार्च हाउस बंद करायला सहा मिनिटं लागली. समाजकल्याणाचं खातं रॉनी हॅस्लमकडे होतं, आणि या रॉनीला थेल्माने पाच वर्षं शाळेत कस्टर्ड वाढलं होतं, तेही मागेल तेवढं. सभा संपल्यावर तो बाहेर येऊन तिच्यापाशी थांबला.

“थेल्मा, मला फार वाईट वाटतंय गं. वरून पैसाच येत नाही. आमचे हात बांधलेले आहेत.”

“हो का?” थेल्मा म्हणाली. “क्लिफर्ड तर म्हणाला, चांगले वर गेले होते.”

रॉनी काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. ती घरी आली, अकरा दगडी पायऱ्या मोजत वर चढली आणि कोट न काढताच खुर्चीत बसून राहिली. एकतीस मार्चनंतर एव्हरिल जिवंत आहे की नाही हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी लार्च हाउसमध्ये गेनर पिलिंग आली. ही गावातल्या मोफत कायदा सल्ला केंद्रातली वकील. आवाज घोगरा, बुटांचा ठकठकाट, आणि चहात चार चमचे साखर. तिला एक माणूस हवं होतं, ज्याच्या नावाने कौन्सिलवर खटला भरता येईल आणि ज्याचा खर्च सरकार उचलेल.

“त्यासाठी माणूस कंगाल लागतो,” ती म्हणाली. “तुझ्याकडे काय आहे?”

“पेन्शन आणि एक रेडिओ.”

“उत्तम!”

गरिबीचं असं कौतुक थेल्माच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. मग गेनरने सात पानांचा एक कागद काढला. कायद्याने असं होतं की कौन्सिलने काही बंद करायच्या आधी, त्याचा अपंगांवर, म्हाताऱ्यांवर, बायकांवर आणि असल्या सगळ्यांवर काय परिणाम होईल याचा नीट विचार करायला हवा. आधी, निर्णय घेऊन झाल्यावर नव्हे. आणि ज्यांनी हात वर करायचे त्यांनीच करायला हवा. तो विचार लिहायचा म्हणून हा समानतेचा अहवाल.

“हा त्या नऊ जणांनी वाचला?”

“त्यांना दिलाच नव्हता. छपाईचा खर्च वाचवायला सोबत लिंक दिली होती, ती उघडत नव्हती. आणि उघडत नाही अशी तक्रार एकानेही केली नाही.” गेनरने चहाचा घोट घेतला. “आता आत काय आहे ते ऐक. ‘अपंगत्व. सदर सेवेचे सर्व वापरकर्ते अपंग आहेत. त्यामुळे सेवा बंद झाल्यास सर्वांवर सारखाच परिणाम होईल. सबब विषम परिणाम नाही.’”

थेल्माने ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिला वाटलं, आपलीच काहीतरी समजूत चुकतेय. पण नाही, तसंच होतं. सगळ्यांनाच बुडवायचं म्हटल्यावर कुणावर अन्याय झाला असं होत नाही, असा तो हिशेब. हे कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसाने, पगार घेऊन, खुर्चीत बसून लिहिलं होतं.

“अजून एक आहे,” गेनर म्हणाली. “‘परिणाम सौम्य करण्याचे उपाय. वापरकर्ते एकमेकांशी टेलिफोनवरून संपर्क ठेवू शकतील.’”

टेबलाच्या पलीकडून एव्हरिल हसायला लागली. ती हसायची ते घशातून, धापा टाकल्यासारखं, आणि डाव्या हाताने टेबल बडवत. सोंगट्या उडून खाली पडल्या. थेल्माही हसली, आणि हसता हसताच तिला भयंकर संताप आला.

“सही कुठे करायची ते दाखव,” ती म्हणाली. “माझं बोट धरून ने.”

खटला मँचेस्टरला चालला. निकाल लागेपर्यंत लार्च हाउस उघडं ठेवा, असं न्यायालयाने आधीच बजावलं होतं. जूनमध्ये दोन दिवस सुनावणी झाली. कौन्सिलचा वकील इतका गोड बोलायचा की थेल्माला त्याच्या आवाजाचीच शिसारी आली. न्यायाधीशबाई मात्र कोरड्या होत्या. त्यांनी एकच विचारलं.

“मिसेस क्रॉस्लींनी मिसेस डकवर्थना टेलिफोन केला, तर पुढे नेमकं काय होईल, हे सांगाल का?”

गोड वकिलाने कागद चाळले. बराच वेळ चाळले.

दोन आठवड्यांनी निकाल आला. कौन्सिलने कायद्याला हवा तसा विचार केलेला नाही, अहवालातला युक्तिवाद मुळातच उफराटा आहे, नगरसेवकांनी तर तो पाहिलाही नाही. आणि जिला दिसत नाही तिला बारीक अक्षरांत पत्र पाठवल्याबद्दल एक वेगळा परिच्छेद होता. निर्णय रद्द.

क्लिफर्डने बस वाट वाकडी करून चिप्सच्या दुकानापाशी नेली. सगळ्यांनी बसमध्येच बसून चिप्स आणि ग्रेव्ही खाल्ली, खिडक्या वाफेने भरल्या. थेल्माच्या अंगात वीस वर्षं कमी झाल्यासारखी तरतरी होती. त्या गलक्यात गेनर तिच्या शेजारी येऊन बसली.

“थेल्मा, एक ऐकून ठेव. कायदा त्यांना विचार करायला लावतो. केंद्र चालू ठेवायला लावत नाही.”

“बरं बरं,” थेल्मा म्हणाली. “व्हिनेगर दे इकडे.”

“मी काय म्हणतेय ते कळतंय ना?”

“अगं कळतंय! आता विचार करावा लागेल त्यांना. आणि एकदा माणसाने खरोखर विचार केला, तर कोण असं करील?”

गेनरने व्हिनेगर दिलं.

जुलैत कौन्सिलने नवा अहवाल लिहायला घेतला आणि त्यासाठी आपल्या कर्मचारी रुखसाना बेगला पाठवलं. थेल्माने आधी तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण बाई आली ती सरळ येऊन टेबलाशी बसली, एव्हरिलशी नेहमीच्या आवाजात बोलली आणि म्हणाली, “तो आधीचा कागद मी लिहिलेला नाही. पण तो आमच्या खात्यातून गेला, त्याची मला लाज वाटते. मला सगळं सांगा. काही सोडू नका.”

एवढं कुणी विचारल्यावर माणूस सांगणारच. थेल्माने तिला आपल्या घरी नेलं आणि अकरा पायऱ्या मोजायला लावल्या, म्हणजे चाकाची खुर्ची इथे का येऊ शकत नाही ते कळेल. मग दोघी रुखसानाच्या गाडीतून नऊ मैलांवर, टेकडीपलीकडे एव्हरिलच्या मुलाच्या घरी गेल्या. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. दाराला कुलूप, किल्ली दाराबाहेरच्या, आकडा दाबून उघडायच्या पेटीत, आणि पेटीचा आकडा फक्त पाळीपाळीने पंधरा मिनिटांसाठी येणाऱ्या मदतनीस बायकांना ठाऊक. आत एव्हरिल, बाहेर थेल्मा. रुखसानाने दार वाजवून पाहिलं. आतून काहीच आलं नाही. येणार कसं?

“तरी ती आत होती,” परतताना थेल्मा म्हणाली. “आपली गाडी खिडकीतून बघत बसली असेल.”

“मी हे लिहिणार आहे,” रुखसाना म्हणाली.

“लिही. ठसठशीत लिही.”

तीन आठवडे ती येत राहिली. डॉमिनो शिकली, वाईट खेळायची. एकदा तिने विचार न करताच दोनदा ठोकलं, तर एव्हरिलने हात पुढे करून तिच्या सोंगट्या उलट्या केल्या आणि लागू पडणारी सोंगटी तिच्या नाकासमोर धरली.

“खोटं ठोकायचं नाही,” थेल्मा म्हणाली. “या टेबलावर तेवढं एकच चालत नाही.”

“चुकले बाई,” रुखसाना म्हणाली, आणि तेही तिने वहीत टिपलं.

थेल्मा खुशीत होती. तिने फोन करून गेनरला सगळं सांगितलं. पायऱ्या, किल्लीची पेटी, बंद दार, सगळं. पलीकडे चहाच्या कपात चमचा फिरत होता, तो थांबला.

“अगं, आहेस का?”

“आहे. तिने हे सगळं लिहून घेतलं?”

“शब्द न् शब्द. पुन्हा वाचूनही दाखवलं. का? सांगायला नको होतं?”

“सांगायला हवंच होतं,” गेनर म्हणाली. “खोटं थोडंच सांगणार होतीस.” पण तिचा आवाज चिप्सच्या दुकानापाशी होता तसाच होता, आणि या खेपेला थेल्माला तो ऐकू आला. त्यानंतर ती पुष्कळ दिवस स्वतःला समजावत राहिली की गेनरचा स्वभावच रडका आहे.

सप्टेंबरमध्ये पुन्हा सभा. तोच दिवाणखान्यासारखा हॉल, वर प्रेक्षकांची जागा, एव्हरिलची खुर्ची कठड्याला टेकवलेली. या वेळी लिंक नव्हती. एकसष्ट पानांचा अहवाल प्रत्येकाच्या हातात छापून दिला होता, आणि थेल्माला पानं उलटल्याचे आवाज येत होते. अध्यक्षांनी एकेकाला नाव घेऊन विचारलं, अहवाल पूर्ण वाचला का? नऊ जण नऊदा ‘हो’ म्हणाले. मग रॉनी हॅस्लम उठला.

“परिच्छेद चौतीस मी मोठ्याने वाचणार आहे,” तो म्हणाला. “तो सगळ्यांच्या कानावर जायला हवा.”

त्याने वाचलं. एक महिला जिला दिसत नाही, एक महिला जिला बोलता येत नाही. अकरा पायऱ्या, बंद दार. “‘केंद्र बंद झाल्यास या दोघींचा एकमेकींशी असलेला संबंध संपेल. यावर कोणताही उपाय सापडलेला नाही. हा परिणाम गंभीर आहे आणि तो फक्त अपंगत्वामुळे होणार आहे.’”

थेल्माने एव्हरिलचा डावा हात धरला होता. आपल्याबद्दल इतकं खरं कुणी कधी लिहिलं नव्हतं. तिला वाटलं, झालं, आता कोण हात वर करील?

“आम्ही या परिणामाचा संपूर्ण आणि गांभीर्याने विचार केला आहे,” रॉनी पुढे म्हणाला, आणि त्या वाक्यावर थेल्माने मान वर केली. हे वाक्य त्याचं नव्हतं. ते कुठल्यातरी वकिलाने त्याच्या तोंडात घातलं होतं. “तो विचार करूनही, उपलब्ध निधी पाहता, लार्च हाउस नोव्हेंबरअखेर बंद करावं असा ठराव मी मांडतो.”

चर्चा एक तास वीस मिनिटं चालली. सगळे फार चांगलं बोलले. एकीला तर बोलताना हुंदका आला. मग मतदान झालं.

“किती?” थेल्माने विचारलं.

“नऊ,” क्लिफर्ड म्हणाला.

गेनर मागच्या रांगेत होती. ती पुढे येऊन थेल्माच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

“आता पुन्हा खटला?” थेल्मा म्हणाली.

“कशावर भरू? मार्चमध्ये त्यांनी विचार केला नव्हता. आज केला. न्यायालय एवढंच बघतं.”

“पण हे सगळं त्यांना मी सांगितलं! पायऱ्या मी मोजायला लावल्या!”

“हो,” गेनर म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात रुखसाना उभी होती. तिने थेल्माचा हात धरला तो सोडेना. “मला वाटलं होतं, एवढं वाचल्यावर कुणी हात वर करणार नाही. देवाशपथ मला तसंच वाटलं होतं.”

“मलाही,” थेल्मा म्हणाली. तिला या पोरीवर रागवायचं होतं, आणि जमत नव्हतं, आणि त्याचाही राग येत होता.

रॉनी मागच्या दाराने जाईल असं वाटलं होतं, पण तो आला. तेवढं त्याला द्यायला हवं.

“थेल्मा, या वेळी मी ओळ न् ओळ वाचली. दोनदा. रात्री झोप नव्हती मला.”

“वाचलंस ते बरं केलंस. वाचून मग काय केलंस?”

“कायद्याने जे सांगितलं ते.”

“मार्चमध्ये तू मला न बघता लाथ मारलीस, तेव्हा न्यायाधीशबाई तुझ्यावर ओरडल्या,” थेल्मा म्हणाली. “आज नीट बघून मारलीस. आता कुणी ओरडणार नाही. जा घरी, झोप.”

नोव्हेंबरमध्ये पत्र आलं, आणि या खेपेला ते बारीक अक्षरांत नव्हतं. न्यायाधीशबाईंनी झापल्यामुळे कौन्सिलने सीडी पाठवली होती. थेल्माने ती घरीच लावली. एका गोड आवाजाच्या बाईने तिला सांगितलं की लार्च हाउस शुक्रवारी शेवटचं उघडेल. आता तिची पत्रं वाचायला क्लिफर्डची गरज नव्हती.

शुक्रवारी मटण-बटाट्याचा पाय नीट गरम होता. सगळ्यांनी त्याबद्दल स्वयंपाकघराला टोमणे मारले. जेवणानंतर भिंतीवरची चित्रं उतरवायला माणसं आली, त्यांच्या शिड्या आपटत होत्या. थेल्मा आणि एव्हरिल खिडकीजवळ बसल्या आणि डाव सुरू झाला.

दोघीही सावकाश खेळल्या. ढीग संपला. पावणेतीनला थेल्माच्या हातात एकच सोंगटी उरली होती, दोन आणि तीन. तिने हात पसरून मांडलेल्या ओळीची दोन्ही टोकं चाचपली. एका टोकाला पाच, दुसऱ्याला दोन. पाळी एव्हरिलची होती, आणि तिच्याकडे दोन सोंगट्या होत्या. एक तीन आणि पाच. दुसरी दोन्हीकडे पाच, म्हणजे पाचाच्या टोकाला दोन्ही लागत होत्या. मांडलेल्यात त्या नव्हत्या, थेल्माकडे नव्हत्या, म्हणजे त्या एव्हरिलकडेच होत्या. यात चूक होणं शक्य नव्हतं.

थेल्मा सोंगटी टेकल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिली.

टेबलावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

तिला आधी वाटलं, शिडी असेल. मग एव्हरिलचा श्वास ऐकू आला, नेहमीपेक्षा जवळून. वॉल्टरला महिनाभर हाकलून देणारी एव्हरिल. इतक्या वर्षांत या बाईने एकदाही खोटं ठोकलं नव्हतं.

आता पाळी थेल्माची. तिच्या अंगठ्याखाली दोन आणि तीन. ती ठेवली की डाव संपला, आणि ती जिंकली. बाहेर क्लिफर्डने बस सुरू केली होती.

थेल्माने सोंगटी मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने टेबलावर दोनदा ठोकलं.

मग एव्हरिलने ठोकलं. थेल्माने ठोकलं. क्लिफर्डने एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवला नाही. चित्रं उतरवणारी माणसं त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबली, कारण खिडकीवरचं चित्र काढायला टेबल हलवायला हवं होतं. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या आळीपाळीने ठोकत राहिल्या.